चाहते चिडतात तेव्हा त्यांना काय कबूल केलेलं असतं? 'ग्ली'च्या निमित्ताने एका लेखकाला उत्तर

प्रश्न एका तरुण लेखकाचा आहे. कॉलेजातल्या मुलामुलींच्या गाण्याच्या ग्रुपवर तो वेब मालिका लिहितो आहे. कोणीतरी सुचवलं म्हणून त्याने 'ग्ली' या अमेरिकी मालिकेचे सहाही सीझन पाहिले, आणि मग त्या त्या वेळी चाहत्यांनी काय लिहिलं होतं तेही वाचलं. त्याचं म्हणणं असं: "ज्या भागावर माणसं रडली, त्याच भागावर तीच माणसं दुसऱ्या दिवशी तुटून पडली. यांचं मालिकेवर प्रेम होतं की नव्हतं? आणि माझी मालिका आली की अशा प्रतिक्रिया मी वाचायच्या की तिकडे कानाडोळा करायचा?"

वाचायच्याच. फक्त राग दिसला की 'यांना काय आवडलं नाही' असं विचारू नका. 'यांना आपण काय कबूल केलं होतं' असं विचारा. मी बरीच वर्षं मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहिते आहे, आणि टीआरपीच्या आकड्यांपेक्षा हा एक प्रश्न मला जास्त उपयोगी पडला आहे. 'ग्ली'चे चाहते समजून घ्यायलाही तोच लागतो.

सुरुवातीपासून पाहू. १९ मे २००९ला फॉक्स वाहिनीने 'अमेरिकन आयडॉल'च्या पाठोपाठ 'ग्ली'चा पहिला भाग दाखवला. रायन मर्फी, ब्रॅड फॅलचक आणि इयन ब्रेनन हे तिघे कर्ते. गोष्ट ओहायो राज्यातल्या लायमा गावच्या मकिन्ली हायस्कूलची. स्पॅनिश शिकवणारे विल शूस्टर शाळेतला मोडकळीला आलेला गायनगट पुन्हा उभा करायला निघतात, आणि त्यात येतात ती शाळेत कोणी विचारत नाही अशी मुलं: हावरटासारखी स्वप्नं पाहणारी रेचल, कपड्यांचा शौकीन कर्ट, दणदणीत गळ्याची मर्सेडीस, व्हीलचेअरवरचा आर्टी, अडखळत बोलणारी टीना. त्यांच्यात फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक फिन येऊन उभा राहतो. भाग संपताना सगळे मिळून जर्नी या बँडचं १९८१ सालचं गाणं गातात. त्या गाण्याची 'ग्ली' आवृत्ती बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली.

यानंतर वाहिनीने जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसरा भाग थेट सप्टेंबरात आला. मधले साडेतीन महिने पहिला भाग इंटरनेटवर फिरत राहिला, कलाकार मॉलमधल्या दुकानांत जाऊन प्रेक्षकांना भेटत राहिले, आणि 'ग्लीक' हे चाहत्यांचं नाव वाहिनीनेच जाहिरातीत वापरलं. म्हणजे हातात एकच भाग असताना प्रेक्षकांची जमात तयार झाली होती, तिला नावही मिळालं होतं. सप्टेंबरात तोच भाग पुन्हा दाखवताना तर ट्वीट थेट पडद्यावर आणले. त्यांनी चित्र झाकलं जातं म्हणून लोक वैतागले, पण त्यामागचा निरोप पोचला: तुम्ही बोला, आम्ही ऐकतो आहोत.

दोन गोष्टी तिथे कबूल झाल्या. एक, शाळेत तुम्हाला कोणी विचारत नसेल तर ही जागा तुमची आहे. दोन, या जागेत तुमचं ऐकलं जाईल. दिलेला भाग पाहून झोपायला जाणारा प्रेक्षक वेगळा आणि सभासद करून घेतलेला प्रेक्षक वेगळा. सभासद हिशेब मागतो. 'ग्ली'च्या चाहत्यांनी सहा वर्षं वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा हिशेब ठेवला: कोणत्या जोडीला किती दृश्यं, कोणाला किती गाणी, कोणाचं चुंबन दाखवलं आणि कोणाच्या वेळी कॅमेरा वळला. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. ज्याला शाळेत कधी मोजलंच गेलं नाही, त्याच्यासाठी ही मोजदाद अगदी स्वाभाविक होती.

मालिकेच्या सुरात जी ओढाताण दिसते तिचं कारण लेखनाच्या व्यवस्थेत आहे. पहिल्या दोन सीझनांत जवळपास सगळं लेखन या तिघांनीच केलं, आणि तिघांचे पिंड तीन. ब्रेनन स्वतः इलिनॉयमधल्या शाळेच्या गायनगटात होता, त्याने ही गोष्ट आधी चित्रपटासाठी लिहिली होती, आणि चीअरलीडर मुलींची प्रशिक्षक स्यू सिल्व्हेस्टर हिच्या तोंडचे विखारी संवाद मुख्यतः त्याच्या हातचे. त्यामुळे एका भागात बोचरा विनोद, दुसऱ्यात डोळ्यांत पाणी, तिसऱ्यात नुसता भपका. चाहते श्रेयनामावली पाहून आजचा भाग कसा असेल याचा अंदाज बांधायला शिकले. तिसऱ्या सीझनला सहा नवे लेखक घेतले, पण पात्रांना मागचं आठवत नाही ही तक्रार तशीच राहिली. मालिकेच्या धंद्यात हे नवं नाही. एक लेखक ट्रॅक उभा करतो, दुसरा येऊन तो विसरतो. फरक इतकाच की इथे प्रेक्षक विसरत नव्हता.

आता कर्टबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण चाहत्यांचा सगळा विश्वास तिथून आला.

कर्ट मूळ संहितेत नव्हताच. क्रिस कोल्फर आर्टीच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला आला, निर्मात्यांना तो इतका आवडला की त्याच्यासाठी नवं पात्र लिहिलं. चौथ्या भागात कर्ट वडिलांना सांगतो की आपण समलिंगी आहोत. वडील, बर्ट हमेल, गाड्या दुरुस्त करणारे, डोक्यावर टोपी, बायको गेलेली, मुलाच्या आवडीनिवडींतलं काही न कळणारे. टीव्ही पाहण्यात आयुष्य घालवलेला कोणीही या दृश्यात आरडाओरडीची वाट पाहील. बर्ट म्हणतात, तू तीन वर्षांचा होतास तेव्हापासून मला ठाऊक आहे. त्यांना ही गोष्ट फार रुचलेली नाही हेही ते लपवत नाहीत. पण तू असा आहेस तर असा आहेस, माझं तुझ्यावरचं प्रेम त्याने कमी होत नाही, असं सांगून मोकळे होतात.

या दृश्यात पार्श्वसंगीताचा मारा नाही, लांब भाषण नाही. माइक ओमॅली या नटाने ते जवळजवळ पुटपुटत केलं आहे. पुढे पहिल्या सीझनच्या शेवटाकडे फिन कर्टच्या खोलीत चिडून एक घाणेरडा शब्द वापरतो तेव्हा बर्ट त्याला आपल्या घरात राहू देत नाहीत, आणि त्या वेळी फिनची आई त्यांच्या आयुष्यात आलेली असते, म्हणजे त्यांचंही काही पणाला लागलेलं असतं. असा बाप आपल्याला हवा होता, असं लिहिणाऱ्या प्रेक्षकांची संख्या मोठी होती. हे लिहिणारे सगळे समलिंगी नव्हते. चौथ्या भागातल्या काही मिनिटांच्या दृश्यावर मालिकेने पुढची कितीतरी वाईट वळणं निभावून नेली. चाहते चिडायचे, सोडतो म्हणायचे, आणि बर्ट पडद्यावर आले की परत यायचे.

दुसऱ्या सीझनला बाहेरच्या जगाने या कथेला वेगळंच वजन दिलं. २०१०च्या सप्टेंबरात अमेरिकेत छळाला कंटाळून समलिंगी मुलांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या. त्याच महिन्यात 'पुढे चांगलं होतं' असं किशोरांना सांगणारी व्हिडिओंची मोहीम सुरू झाली. कोल्फरनेही अशा मुलांसाठी संदेश दिला. नेमका तेव्हाच मालिकेत कॅरॉफ्स्की नावाचा दांडगा मुलगा कर्टला कॉरिडॉरमध्ये लॉकरवर ढकलत होता. ९ नोव्हेंबर २०१०च्या भागात कर्ट डाल्टन अकादमी या दुसऱ्या शाळेत जातो, तिथला विद्यार्थी ब्लेन त्याचा हात धरून त्याला धावत घेऊन जातो आणि वॉर्ब्लर्स या मुलांच्या गटासोबत केटी पेरीचं त्या वर्षी गाजलेलं प्रेमगीत गातो. एका मुलाने दुसऱ्या मुलाकडे पाहून, शब्द न बदलता गायलेलं. त्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्याच आठवड्यात २ लाख १४ हजार प्रती विकल्या गेल्या. १५ मार्च २०११ला दोघांचं पहिलं चुंबन आलं, आणि 'क्लेन' हे जोडनाव चाहत्यांच्या तोंडी पक्कं झालं.

म्हणून चौथ्या सीझनमध्ये, ऑक्टोबर २०१२ला, ब्लेन कर्टशी प्रतारणा करतो तेव्हा उसळलेला राग नीट वाचा. त्याच भागात फिन आणि रेचलही तुटतात. तरुण जोड्या तुटतात, हे प्रेक्षकाला कळतं. पण कर्ट आणि ब्लेनच्या चाहत्यांचं म्हणणं होतं की आमच्या वाट्याला टीव्हीवर अशा गोष्टी एक किंवा दोनच येतात, आणि त्यातलीही एक तुम्ही 'नाट्य हवं' म्हणून मोडता. दहा जोड्या असतील तर एक तुटलेली चालते. एकच असेल तर तिचं तुटणं हे त्या जमातीबद्दलचं विधान होऊन बसतं. लेखक म्हणून मला हे पटतं. तरीही ती जोडी कधी तोडूच नये असं मी म्हणणार नाही. तोडायची असेल तर कारण त्या दोघांच्या स्वभावातून यायला हवं होतं, आणि त्या भागात ते पुरेसं येत नाही. सगळ्या जोड्या एका रात्रीत तोडायच्या, हा आराखडा आधी ठरलेला आणि माणसं त्यात नंतर बसवलेली, असं ते दिसतं.

आता सँटाना आणि ब्रिटनी. चाहत्यांनी मालिका घडवली असं कुठे म्हणता येत असेल तर ते इथे.

या दोघी सुरुवातीला चीअरलीडर गणवेशात मागे उभ्या राहणाऱ्या मुली होत्या. ब्रिटनी झालेली हेदर मॉरिस बियॉन्सेबरोबर नाचलेली. तिला बोलावलं होतं ते कलाकारांना त्या गायिकेच्या एका गाण्यावरचा नाच शिकवायला, आणि मग तिला छोटी भूमिका दिली. डिसेंबर २००९च्या एका भागात फोनवरच्या गप्पांत सँटाना म्हणते की शरीरसंबंध म्हणजे डेटिंग नव्हे, आणि ब्रिटनी निरागसपणे म्हणते, तसं असतं तर मी आणि सँटाना डेटिंग करत असतो. हशा मिळवून निघून जाणारं वाक्य. पण काही मुलींनी ते ऐकलं, मागे नेऊन पुन्हा ऐकलं, आणि तिथून 'ब्रिटाना'ची चळवळ सुरू झाली. दुसऱ्या सीझनला दोघी मुख्य कलाकारांत आल्या. मार्च २०११मध्ये लॉकरजवळ उभी राहून सँटाना ब्रिटनीला सांगते की माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि ब्रिटनी त्या वेळी आर्टीबरोबर असल्याने नकार देते. सँटाना झालेल्या नाया रिवेराने हे दृश्य असं केलं आहे की सहा सीझनांतल्या पहिल्या पाच दृश्यांत मी ते नक्की ठेवीन. सतत डंख मारणारी मुलगी कशाला घाबरत होती, ते एका मिनिटात उघडं पडतं.

मग काय कबूल झालं? एका विनोदी वाक्याला मालिकेने गंभीर उत्तर दिलं. चाहत्यांनी मागितलं आणि मिळालं. इथून पुढे त्या गोष्टीला कर्टच्या गोष्टीइतकाच मान मिळेल असं त्यांनी गृहीत धरलं तर त्यात त्यांची चूक नाही.

तो मान मिळाला नाही. नोव्हेंबर २०११मध्ये फिन भर कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर सँटानाचं गुपित बोलून टाकतो. पुढच्याच भागात फिन तिला 'आधार' देण्यासाठी गाण्यांचा आठवडा आखतो, आणि कथा त्याच्या चांगुलपणाकडे झुकते. आईवडिलांना सांगण्याचा प्रसंग पडद्यामागे घडतो, आजी तिला घराबाहेर काढते ते मात्र दिसतं. चाहत्यांनी विचारलं: कर्टला बर्टसारखे वडील आणि पूर्ण दृश्य, सँटानाला एक ओळीची माहिती, असं का? कर्टचं चुंबन दिसलं, या दोघींचं कुठे आहे?

१४ फेब्रुवारी २०१२च्या भागात याचं उत्तर आलं. मुख्याध्यापक फिगिन्स या दोघींना शाळेत चुंबन घेतल्याबद्दल बोलावतात, आणि सँटाना विचारते की फिन आणि रेचल रोज घेतात त्याचं काय? प्रेक्षकांची तक्रार लेखकांनी जशीच्या तशी पात्राच्या तोंडी घातली, आणि भाग संपण्याआधी ते चुंबन दाखवलं. तक्रारीला उत्तर देण्याची ही उत्तम रीत आहे. तक्रार कथेत घ्या, ती ज्याची आहे त्याच्याच तोंडी द्या, आणि देणं चुकतं करा.

वाईट रीतही याच मालिकेत सापडते. चौथ्या सीझनमध्ये ब्रिटनीला गटातल्या सॅम या मुलाबरोबर जोडलं, आणि ब्रिटनीच्या तोंडी असं घातलं की इंटरनेटवर लिहिणाऱ्या लेस्बियन बायका आता चिडतील. लेखकांनी तक्रार ऐकली होती, हे सिद्ध झालं. ऐकून त्यांनी तिचा विनोद केला, हेही सिद्ध झालं. चाहत्यांना हे वाक्य इतकं का लागलं, याचं आश्चर्य वाटायला नको. दुर्लक्ष माणूस सहन करतो. आपलं दुखणं ऐकून घेऊन त्यावर हसणारा माणूस मात्र कायमचा लक्षात राहतो.

टीनाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. तिला एकल गाणी मिळत नाहीत, मिळालं तर मध्येच तोडलं जातं, हे प्रेक्षकांनी लवकर हेरलं. मालिकेने तो चालू विनोद करून टाकला. तिसऱ्या सीझनच्या अखेरीस एका भागात तिला डोक्याला मार लागून स्वप्नात सगळ्यांची अदलाबदल दिसते, ती रेचल होते, आणि थोडा वेळ न्याय मिळतो. मग पुन्हा मागचं पुढे. मर्सेडीसचं दुखणं त्याहून खोल. गटातला सगळ्यात ताकदीचा गळा तिचा, आणि मोठ्या प्रसंगी गाणं रेचलला. तिसऱ्या सीझनमध्ये शाळेच्या नाटकातल्या मुख्य भूमिकेसाठी दोघी समोरासमोर येतात, मर्सेडीस उघड उघड सरस गाते, आणि तरीही भूमिका दोघींत वाटून घ्या असं सांगितलं जातं. ती नकार देऊन निघून जाते तेव्हा कृष्णवर्णीय प्रेक्षकांपैकी अनेकांनी तिची बाजू घेतली. मी पण घेते. मर्सेडीस झालेल्या अँबर रायलीचा त्या भागातला आवाज ऐका, मग तुम्हीच ठरवा.

अपंगत्वाबद्दल प्रतिक्रिया दोन्ही बाजूंनी आल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. आर्टीची भूमिका करणारा केविन मॅकहेल चालू शकतो, तेव्हा खऱ्या व्हीलचेअरवरच्या नटाला का घेतलं नाही, हा प्रश्न २००९पासूनच विचारला गेला. त्याच वेळी डाऊन सिंड्रोम असलेली लॉरेन पॉटर बेकीच्या भूमिकेत आली आणि शेवटपर्यंत राहिली. बेकी कधी लबाड, कधी दुष्ट, कधी प्रेमात पडलेली. तिला देवदूत केलं नाही, म्हणून ती लोकांना आवडली.

गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात आवाज फार गुळगुळीत केले आहेत ही तक्रार पहिल्या वर्षापासून होती आणि ती बरोबर आहे, पण विक्रीवर तिचा परिणाम दिसला नाही. २०११च्या फेब्रुवारीत 'ग्ली'च्या चमूने बिलबोर्ड हॉट १००मधल्या नोंदींच्या संख्येत एल्व्हिस प्रेस्लीला मागे टाकलं. तुम्ही गाण्यांची मालिका करता आहात म्हणून एक प्रसंग मात्र नोंदवून ठेवा. जानेवारी २०१३मध्ये मालिकेने एका जुन्या रॅप गाण्याची जी चाल वापरली ती जोनथन कूल्टन या गायकाने बांधलेली होती, आणि त्याला श्रेय दिलं नव्हतं. त्याने आपलंच मुद्रण 'ग्लीच्या आवृत्तीची आवृत्ती' म्हणून विक्रीला ठेवलं आणि पैसे सामाजिक संस्थांना दिले. 'ग्ली'चे कित्येक चाहते त्याच्या बाजूने उभे राहिले. दुबळ्यांच्या बाजूने उभं राहायला ज्या मालिकेने शिकवलं, तिच्याच विरोधात ते तसे उभे राहिले. संगीत संयोजकाचं नाव लिहायला विसरू नका.

आता जुलै २०१३.

फिनची भूमिका करणारा कोरी मॉन्टीथ १३ जुलै २०१३ला व्हँकूव्हरमधल्या हॉटेलात मृतावस्थेत सापडला. तो ३१ वर्षांचा होता, आणि मृत्यूचं कारण अमली पदार्थ आणि मद्य हे होतं. रेचल झालेली लिया मिशेल प्रत्यक्षातही त्याची जोडीदार होती. १० ऑक्टोबरला 'द क्वार्टरबॅक' हा भाग दाखवला गेला, फिनच्या मृत्यूनंतरचा. या भागावरच्या प्रतिक्रिया वाचून तुम्ही सगळ्यात जास्त गोंधळला असाल, कारण इथे रडणं आणि रागावणं एकाच परिच्छेदात दिसतं.

फिन कसा गेला हे भाग सांगत नाही. कर्ट सुरुवातीलाच म्हणतो की सगळ्यांना तो कसा गेला यात रस आहे, मला तो कसा जगला यात आहे. एका गटाला हा आदर वाटला. दुसऱ्या गटाला वाटलं की व्यसनाबद्दल किशोरांशी बोलायची एवढी मोठी संधी हातची घालवली. दोन्ही बाजूंना त्याच मालिकेने तयार केलं होतं: एकाला सांगितलं होतं की ही तुमची माणसं आहेत, दुसऱ्याला सांगितलं होतं की आम्ही अवघड विषय टाळत नाही. माझं मत पहिल्या बाजूचं. तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या सहकाऱ्याच्या मृत्यूचं कारण पटकथेत वापरणं मला जमलं नसतं. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी कधी उडवून लावणार नाही.

त्या भागात फिनची आई कॅरोल मुलाची खोली आवरायला येते. मूल गेल्यावर आईबाप सकाळी उठतात तरी कसे, असं मला पूर्वी वाटायचं, ती म्हणते. उठतात, आणि क्षणभर त्यांना आठवत नाही, मग आठवतं. रोमी रोझमाँट या अभिनेत्रीने ते केलं आहे, आणि शेजारी बर्ट आहेत. ज्यांनी मालिका आधीच सोडली होती ते या एका रात्रीपुरते परत आले. सँटाना गाता गाता कोसळते आणि ओरडत बाहेर पळते. पुढे ८ जुलै २०२०ला नाया रिवेरा कॅलिफोर्नियातल्या पायरू तलावात बुडाली आणि १३ जुलैला, कोरी गेला त्याच तारखेला, तिचा देह सापडला. त्यानंतर चाहते हे दृश्य वेगळ्या रीतीने पाहतात. २०१३ आणि २०२०च्या प्रतिक्रिया शेजारी ठेवून वाचू नका, त्यांचा अर्थ एक नाही.

मर्फीने नंतर सांगितलं की मालिकेचा मूळ शेवट ठरलेला होता: रेचल न्यूयॉर्कहून लायमाला, फिनकडे परत येते. तो शेवट आता कोणीच देऊ शकत नव्हतं. त्यामुळे पाचव्या-सहाव्या सीझनवर लोक चिडले तेव्हा त्यातला किती राग लेखकांवर होता आणि किती त्या जाण्यावर, हे वेगळं काढता येत नाही. २०११च्या सुपर बोल सामन्यानंतरचा भाग २ कोटी ६८ लाख लोकांनी पाहिला होता. अखेरीस संख्या तीस लाखांच्याही खाली होती. राहिलेले मात्र पक्के होते.

या राहिलेल्यांसाठी लेखकांनी सहाव्या सीझनमध्ये स्यूला कर्ट-ब्लेनची गुप्त भक्त दाखवलं, आणि ती दोघांना लिफ्टमध्ये कोंडून चुंबन घेतल्याशिवाय सोडत नाही. काहींना ते चाहत्यांचं विडंबन वाटलं, काहींना मायेचा चिमटा. मला तो चिमटा वाटतो, कारण यावेळी देणंही चुकतं झालं. २० फेब्रुवारी २०१५च्या भागात ब्रिटनी आणि सँटानाचं लग्न होतं, आणि आयत्या वेळी कर्ट आणि ब्लेनही त्याच मांडवात उभे राहतात. ब्रिटाना गटातल्या अनेकींना आपला दिवस वाटून घ्यावा लागल्याचं वाईट वाटलं, आणि सहा वर्षांचा हिशेब पाहता ते समजण्यासारखं आहे. लग्न इंडियाना राज्यात होतं, कारण ओहायोत तेव्हा त्याला परवानगी नव्हती. चारच महिन्यांनी, २६ जून २०१५ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर ती दिली, आणि तो खटला ओहायोतल्याच माणसाच्या नावाचा होता.

आपल्याकडे 'ग्ली' स्टार वर्ल्डवर दिसायची. २ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या विरोधात निकाल दिला, ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि २०१८मध्ये पुन्हा वाट मोकळी केली. मालिकेची सगळी वर्षं यातल्या पहिल्या दोन तारखांच्या आसपासची. ती घरात आवाज कमी करून पाहिलेल्या मराठी मुलामुलींना मी भेटले आहे. बर्ट हमेलचं नाव काढलं की ती आजही गप्प होतात. तुमच्या मालिकेच्या प्रेक्षकांत ती असतील, आणि आता ती तिशीत आहेत.

आता तुमच्या कामाचं. पहिल्या भागाची संहिता पुढ्यात घ्या आणि प्रत्येक पात्राच्या नावापुढे लिहा: हा भाग पाहून या मुलासारखा प्रेक्षक काय धरून चालेल? मर्सेडीसपुढे आलं असतं, 'हिला एक दिवस पूर्ण मंच मिळेल.' ती यादी दिग्दर्शकालाही द्या आणि चॅनेलच्या क्रिएटिव्ह टीमलाही द्या, कारण ट्रॅक बदलायचा दबाव तिथून येईल तेव्हा दाखवायला तुमच्याकडे कागद हवा. प्रतिक्रिया भाग आल्या रात्री वाचू नका, आठवड्याने वाचा. तोवर नुसता आवाज खाली बसतो आणि दुखणं वर राहतं. 'अमुक जोडी हवी' ही मागणी आहे, ती नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. 'अमुक मुलीला तुम्ही विसरलात' ही मात्र थकबाकी आहे, ती पुढच्या लेखनात चुकती करावी लागते. आणि तक्रारीवर विनोद सुचला तर तो तेव्हाच लिहा, जेव्हा त्याच भागात तक्रारीचं निवारणही लिहिलेलं असेल.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात गटाच्या मागच्या ओळीत दोन मुली आहेत, त्यांना नावं नाहीत, 'मुलगी १' आणि 'मुलगी २' एवढंच लिहिलं आहे. त्यांना नावं द्या, घरं द्या, एकमेकींबद्दल काय वाटतं तेही ठरवून ठेवा. पडद्यावर यायला त्यांना दोन सीझन लागले तरी चालतील.